जुन्या संगणकावर पहिल्यांदा काय दिसावं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद केले. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे असंख्य लॅपटॉप एका तारखेत जुने ठरले. काही भंगारात गेले, काही तसेच वापरात आहेत आणि काहींवर कुणा जाणकाराने लिनक्स टाकून दिलं. असं करताना सहसा हलका डेस्कटॉप निवडतात: एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी, माटे, नाहीतर त्याहून बारीक आइसडब्ल्यूएम. मग कोण किती रॅम खातो यावर वाद होतो, आकडे फेकले जातात आणि विषय संपतो. ज्याला ते यंत्र वापरायचं आहे त्याचा प्रश्न मात्र तिथे सुरू होतो. पट्टी कुठे आहे, मेनू कशाने उघडतो, दिसेनाशी झालेली विंडो परत कशी आणायची, अक्षरं वाचता येतात का, हे सगळं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. या ठरवण्याचाच हा आढावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हलक्या डेस्कटॉपच्या जगात डिफॉल्ट मांडणीकडे कायम तात्पुरती सोय म्हणून पाहिलं गेलं. ‘आवडलं नाही तर बदला, सगळं बदलता येतं’ हे उत्तर तयारच असतं. बदलता येतं हे खरं, पण बदलणारे थोडे. वापरसुलभतेचे अमेरिकन अभ्यासक जेरेड स्पूल यांनी मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरणाऱ्यांच्या सेटिंगच्या फाइली मागवून पाहिल्या, तेव्हा एखादं तरी सेटिंग बदललेले लोक पाच टक्क्यांहूनही कमी निघाले. ती काही काटेकोर शास्त्रीय पाहणी नव्हती. तरी कुठल्याही कचेरीतले संगणक पाहा, चित्र फारसं वेगळं दिसणार नाही. ज्याला बदलायची हौस आहे तो कसलीही मांडणी दिली तरी पहिल्या तासात उलटीपालटी करणारच. म्हणजे तयार मांडणी असते न बदलणाऱ्यांसाठी, आणि ती आखतात मात्र बदलणारे. या विषयातल्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

दिसण्याची किंमत एके काळी खरोखर मोजावी लागायची. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचं वॉलपेपर, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर, तीन एमबी जागा घेतं. ३२ एमबी रॅमच्या यंत्रावर ही चैनच होती, म्हणून एकरंगी पार्श्वभूमी हा शहाणपणा ठरायचा. आज १९२० बाय १०८० चं चित्र आठ एमबी घेतं आणि चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपलाही त्याचं काही वाटत नाही. ब्राउझरमध्ये दोन-चार टॅब उघडले की ते अख्ख्या एक्सएफसीईपेक्षा जास्त रॅम गिळतात. विंडोखालची सावली, थोडी पारदर्शकता या गोष्टी तर एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजरमध्ये २००५ पासून आहेत. लुबुंटू या हलक्या लिनक्सच्या मंडळींनी २०१८ साली सरळ जाहीर केलं की जुनी यंत्रं हे आता आमचं मुख्य लक्ष्य नाही. तेव्हा ‘हलका आहे म्हणून ओबडधोबड आहे’ ही सबब आता चालणार नाही.

टंचाई आहे ती माणसांची. एक्सएफसीई १९९६ साली ऑलिव्हिए फुर्दाँ या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केला, तो युनिक्सवरच्या सीडीई या महागड्या डेस्कटॉपसारखं काहीतरी लिनक्सवर असावं म्हणून. सुरुवातीला तो एक्सफॉर्म्स या साधनसंचावर बेतला होता. त्या संचाचा परवाना मुक्त नव्हता, म्हणून रेड हॅटने तो घ्यायला नकार दिला आणि सगळं जीटीके या दुसऱ्या साधनसंचावर नव्याने लिहावं लागलं. पुढेही काम मूठभर स्वयंसेवकांच्याच बळावर चाललं. ४.१२ ही आवृत्ती फेब्रुवारी २०१५ मध्ये आली आणि ४.१४ ऑगस्ट २०१९ मध्ये. साडेचार वर्षं मुख्यतः जीटीके-२ वरून जीटीके-३ वर जाण्यात गेली. इतक्या तुटपुंज्या हातांनी आतली यंत्रणा सांभाळायची की रंगरूप पाहायचं? त्यांनी रंगरूप डिस्ट्रोंवर, म्हणजे लिनक्सचे तयार संच बांधणाऱ्यांवर, सोडून दिलं. बरीच वर्षं एक्सएफसीई पहिल्यांदा सुरू होताना विचारायचा: तयार मांडणी हवी की एक रिकामी पट्टी? ज्याने डेस्कटॉप अजून पाहिलेलाच नाही त्याला हा प्रश्न! चुकून रिकामी पट्टी निवडली की समोर एक कोरी फळी, आणि तिच्यात काय भरायचं याची काहीच कल्पना नाही. ज्यांना उत्तर ठाऊक आहे त्यांनाच कळेल असा प्रश्न विचारणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

तुलनेसाठी विंडोज ९५ पाहावं. मायक्रोसॉफ्टबद्दल लिनक्सच्या मंडळींना प्रेम नसलं तरी हा इतिहास शिकण्यासारखा आहे. त्या मांडणीसाठी पाचशेहून अधिक लोकांना प्रयोगशाळेत बसवून पाहिलं गेलं. नवख्यांना डबल क्लिक जमत नव्हतं. एका विंडोखाली दुसरी झाकली गेली की ती बंदच झाली असं त्यांना वाटायचं. फोल्डरच्या आत फोल्डर हा प्रकार डोक्यात बसत नव्हता. आधी नवख्यांसाठी वेगळा, सोपा डेस्कटॉप करायचा विचार झाला आणि सोडून दिला गेला, कारण माणूस शिकला की त्याला पुन्हा दुसरं काही शिकावं लागलं असतं. पडद्याच्या तळाशी सिस्टिम, फाइंड आणि हेल्प अशी तीन बटणं होती, त्यांचं शेवटी एकच झालं आणि त्यावर ‘स्टार्ट’ असं लिहिलं. शेजारी उघड्या विंडोंची नावं सतत दिसतील अशी पट्टी आली. आज जगातले बहुतेक हलके डेस्कटॉप ज्या मांडणीची नक्कल करतात ती अशी घडली. नक्कल करताना पट्टी उचलली, बटण उचललं. माणसं समोर बसवून पाहायची पद्धत तेवढी राहून गेली.

२०११ साली मोठी उलथापालथ झाली. एप्रिलमध्ये ग्नोम ३ हा डेस्कटॉप आला आणि त्याने विंडोवरचं मिनिमाइझचं बटणच काढून टाकलं, खालची पट्टीही काढली. त्याच महिन्यात उबुंटूने युनिटी हा नवा अवतार डिफॉल्ट केला. वैतागलेले लोक हलक्या डेस्कटॉपकडे धावले. लिनक्सचे जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्स काही काळ एक्सएफसीईवर आले आणि पुढे परतही गेले. ग्नोम २ चं जुनं घर राखण्यासाठी माटे जन्माला आला. या निर्वासितांमुळे हलक्या डेस्कटॉपांना अचानक गिऱ्हाईक मिळालं, पण ते गिऱ्हाईक ‘काहीही हलवू नका’ म्हणणारं होतं. तेव्हापासून इथे प्रत्येक छोट्या बदलावर गदारोळ होतो. एक्सएफसीई ४.१६ मध्ये सेटिंगच्या खिडक्यांची शीर्षकपट्टी आणि बटणं एकत्र केली, तर इतका विरोध झाला की पुढे ते बंद करण्याची सोय द्यावी लागली. हा विरोध मला पूर्णपणे चुकीचा वाटत नाही. सवय ही वापरणाऱ्याची कमाई असते आणि ती फुकट घालवताना कारण तगडं हवं.

डेबियन या डिस्ट्रोची त्या काळातली दोलायमान अवस्थाही बोलकी आहे. २०१२ मध्ये ग्नोम पहिल्या सीडीवर मावेना म्हणून एक्सएफसीई डिफॉल्ट करण्याचा प्रयत्न झाला, तो मागे घेतला गेला. २०१३ च्या अखेरीस पुन्हा एक्सएफसीई आणला आणि २०१४ मध्ये पुन्हा ग्नोमकडे गेले. परतण्याच्या कारणांत दृष्टिहीन आणि अपंग वापरकर्त्यांसाठीच्या सोयी ठळक होत्या. ही बाजू हलक्या डेस्कटॉपांनी आजही पुरेशी मनावर घेतलेली नाही.

आता पट्टीकडे येऊ, कारण खरी भांडणं तिथेच होतात. स्वस्त लॅपटॉपचा पडदा वर्षानुवर्षं १३६६ बाय ७६८ राहिला. रुंदी भरपूर, उंची तुटपुंजी. एक्सएफसीईच्या मूळ मांडणीत वर एक पट्टी आणि खाली डॉकसारखी दुसरी. त्यात विंडोची शीर्षकपट्टी, ब्राउझरच्या टॅबची ओळ, पत्त्याची ओळ. एवढं वजा केल्यावर वाचायला उरतं ते पत्र्याच्या फटीतून दिसावं तेवढंच. खालची पट्टी पुढे आपोआप लपू लागली, पण लपणारी पट्टी नवख्याला हरवलेली वाटते. झुबुंटूने एकच पट्टी वर ठेवली, लिनक्स मिंटने एकच खाली. एमएक्स लिनक्सने वेगळाच हिशेब केला: उंची कमी आहे ना, मग पट्टी डाव्या बाजूला उभी लावा. गणित बिनचूक, तरी मला ते पटत नाही. उभ्या पट्टीत विंडोंची नावं मावत नाहीत, नुसते आयकॉन उरतात, आणि तीन पत्रं उघडी असतील तर तिन्हींचे आयकॉन सारखेच. कोणतं कुठलं हे पाहायला माउस नेऊन थांबावं लागतं. एका कामाला आडव्या पट्टीत एक नजर पुरते, इथे तीन हालचाली लागतात.

याहून बिकट अवस्था २००७ च्या आसुस ईई पीसीवर होती. सात इंची पडदा, ८०० बाय ४८० ठिपके. सेटिंगची खिडकी पडद्यापेक्षा उंच निघायची आणि ‘ओके’चं बटण खाली पडद्याबाहेर. ऑल्ट दाबून विंडो वर ओढायची युक्ती ज्याला ठाऊक त्याचं काम व्हायचं. बाकीचे एस्केप दाबून मुकाट्याने बाहेर पडायचे.

कडांबद्दल एक जुना नियम आहे. पॉल फिट्स यांनी १९५४ साली दाखवलं की लक्ष्य जितकं लहान आणि दूर तितका हात न्यायला वेळ जास्त. पडद्याची कड याला अपवादासारखी वागते: माउस कितीही जोराने ढकलला तरी कडेलाच थांबतो, त्यामुळे कोपऱ्यातलं बटण डोळे मिटूनही सापडतं. मात्र बटण आणि कड यांच्यामध्ये एका पिक्सेलची जरी रिकामी फट राहिली तरी हा फायदा जातो. कोपऱ्यापर्यंत जाऊन केलेलं क्लिक वाया जातं आणि माणूस ‘माउस खराब झाला’ म्हणतो. पट्टी कडेपासून जराशी तरंगती ठेवायची सध्याची फॅशन नेमकी हेच करते. एक्सएफसीईच्या कित्येक थीममध्ये विंडोची चौकट एका पिक्सेलची असते. विंडो लहान-मोठी करायला ती पकडणं म्हणजे मोहरीचा दाणा चिमट्याने उचलणं. ऑल्ट धरून उजव्या बटणाने कुठूनही ओढलं तरी काम होतं, पण हे सांगणारं पडद्यावर काहीच नसतं.

क्रंचबँग या डिस्ट्रोने हे सांगण्याचा मार्ग शोधला होता. २००८ ते २०१५ या काळात फिलिप न्यूबरो यांनी ती चालवली. काळाभोर पडदा, एकही आयकॉन नाही, मेनूसाठी उजवं क्लिक. पण उजव्या बाजूला पार्श्वभूमीवरच शॉर्टकटांची यादी छापलेली: कोणती कळ दाबली की टर्मिनल, कोणती दाबली की ब्राउझर. दिसायला तुसडी, पण वागायला प्रामाणिक मांडणी. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कौलर यांची २००३ मधली पपी लिनक्स. दिसायला गिचमिड, सगळा पडदा आयकॉनने भरलेला, पण त्यांखाली राइट, ड्रॉ, पेंट, ब्राउझ अशी कामांची नावं. एक्सएफसीईच्या मेनूत थुनार, रिस्ट्रेटो, पॅरोल असे प्रोग्राम भेटतात. त्यातला फाइली दाखवणारा कोण, चित्रं दाखवणारा कोण, हे अनुभवाने कळायचं. एक्सएफसीईसाठीच्या व्हिस्कर मेनूत कामाची नावं दाखवायची सोय आहे आणि शोधायची चौकटही आहे, म्हणून झुबुंटूने २०१४ मध्ये तो डिफॉल्ट केला हे बरं झालं. एलएक्सक्यूटीने याच धाटणीचा नवा मेनू २०२४ मध्ये, २.० आवृत्तीत आणला. उशीर झाला, पण आला.

थीम आणि रंगांविषयी फार लिहीत नाही, कारण ते सर्वात जास्त चर्चिलं जातं आणि कामाला सर्वात कमी येतं. करड्यावर करडी अक्षरं नकोत, चालू विंडोची शीर्षकपट्टी बाकींपेक्षा ठळक वेगळी दिसावी, एवढं सांभाळलं तर झुबुंटूची ग्रेबर्ड थीम काय आणि मिंटचा हिरवा काय, दोन्ही चालतील.

तयार मांडणी मनावर घेतली तर काय होतं याचं उत्तम उदाहरण रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक. त्यांचा डेस्कटॉप मुळात एलएक्सडीई, म्हणजे तैवानच्या होंग जेन यी यांनी २००६ मध्ये सुरू केलेला काटकसरी संच. सुरुवातीला तो जसाच्या तसा दिला जायचा आणि २००० सालच्या कचेरीतला वाटायचा. मग सायमन लाँग या एका माणसाकडे ते काम सोपवलं गेलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पिक्सेल या नावाने नवं रूप आलं. वर एकच पट्टी, तिच्यावर मेनू, ब्राउझर, फाइली आणि टर्मिनल, सुबक फॉन्ट, निवडक छायाचित्रांचे वॉलपेपर. यंत्र तेच, वेगही तोच, पण खेळणं वाटणारी वस्तू संगणक वाटू लागली. पुढे २०२३ मध्ये पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या आतल्या एक्स यंत्रणेऐवजी वेलँड आणलं, २०२४ मध्ये विंडो मॅनेजरही पुन्हा बदलून लॅबडब्ल्यूसी आणला, आणि वरचं रूप जवळपास जसंच्या तसं ठेवलं. पाया दोनदा उकरला तरी पट्टीवरचं बटण जागचं हललं नाही. मला या सगळ्या आढाव्यात सर्वात कौतुकाची वाटलेली गोष्ट हीच.

अगदी वेगळी वाट महाराष्ट्रानेही पाहिली आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याच्या शाळेत ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ योजनेचे एक्सओ लॅपटॉप आले. २५६ एमबी रॅम, साडेसात इंची पडदा आणि त्यावर शुगर नावाची मांडणी. तिच्यात एकमेकींवर चढणाऱ्या विंडो नव्हत्या, फोल्डर नव्हते. मधोमध मुलाचं चिन्ह, त्याभोवती उपक्रमांचं कडं आणि केलेल्या कामाची आपोआप होणारी रोजनिशी. कल्पना सुंदर होती. पायथॉनमध्ये लिहिलेली ती मांडणी त्या यंत्राला मात्र जड जायची आणि पडदा बदलायला वेळ लागायचा. नव्याने विचार करणाऱ्यांनी यंत्राची ताकद आधी पाहायला हवी, एवढं त्यातून दिसतं.

आपल्या भाषेपुरती तर तयार मांडणी बहुतेक ठिकाणी नापासच आहे. पट्टी २४ पिक्सेलची आणि टाइप रोमन लिपीच्या मापाने ठरवलेला. ‘कार्यकर्त्यांची यादी’ नावाची फाइल उघडा आणि टास्कबारवर पाहा: ‘र्त्यां’वरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून एक ठिपका होतो. इंग्रजीला खाली-वर एवढी जागा लागत नाही, म्हणून आखणाऱ्याला हे दिसतच नाही. कीबोर्डची कथा आणखी लांब. लिनक्समध्ये मराठी इनस्क्रिप्ट आहे, मराठी कगप हा उच्चारानुसारी कीबोर्डही आहे. पण एक्सएफसीईत तो मिळवायला सेटिंगमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउटचा टॅब, तिथली ‘सिस्टिमचं डिफॉल्ट वापरा’ ही खूण काढायची, मग यादीत भारत शोधून त्याखाली मराठी निवडायचं. एवढं करूनही पट्टीवर ‘इंग्रजी की मराठी’ हे दाखवणारं चिन्ह येत नाही. त्यासाठी पट्टीवर उजवं क्लिक करून वेगळं प्लगइन बसवावं लागतं. विंडोजमध्ये दुसरी भाषा घातली की ते चिन्ह आपोआप येतं. पुण्यात रेड हॅटच्या अभियंत्यांनी लोहित फॉन्टवर वर्षानुवर्षं काम केलं, अक्षरं दिसण्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटला. ती लिहायला बसल्यावर पहिल्या पडद्यावर काय हवं, हे मात्र कुणीच पाहिलं नाही.

आज कुणासाठी निवड करायची असेल तर माझा कौल लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीला. एकच पट्टी, खाली, विंडोंची नावं दिसणारी, मेनूत शोधायची चौकट. त्याहून कमी ताकदीच्या यंत्रावर लुबुंटू. पण दुसऱ्याला यंत्र तयार करून देणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती: हातात देण्याआधी अर्धा तास जास्त द्या. पट्टीची उंची वाढवा, टाइप एक-दोन घरं मोठा करा, मराठी कीबोर्ड घालून त्याचं चिन्ह पट्टीवर बसवा, चौकट जाड असलेली थीम निवडा आणि शेवटी ‘लॉक पॅनेल’वर खूण करा, म्हणजे चुकून ओढली गेलेली पट्टी हरवणार नाही. मग त्या माणसाला एक पत्र लिहून छापायला सांगा आणि माउसला हात न लावता शेजारी बसा. तो जिथे अडेल ते कागदावर टिपा, डिस्ट्रोच्या तक्रारपेटीत कळवा. मराठी वापरकर्त्यांकडून अशा तक्रारी फारच थोड्या जातात.